एसी लावला की गाडी थरथरते, रेस पडते: खिशात हात घालण्याआधी काय बघायचं

महाशिवरात्र झाली की सोलापुरातल्या माझ्या गॅरेजमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. "मालक, एसी लावला की गाडी बंद पडलालीय." गड्डा यात्रेच्या थंडीत हीच गाडी निमूट चालत असते, कारण तेव्हा एसीच्या बटणाला कोणी हात लावत नाही. मार्च उजाडतो, सात रस्त्याच्या सिग्नलला काचा वर जातात, बटण दाबलं जातं आणि आरपीएमचा काटा खाली येतो.

येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आधीच कुठेतरी एसीचा गॅस भरून घेतलेला असतो. उरलेल्यांच्या गाडीत कोणीतरी थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, स्क्रू पिळलेला असतो. दोन्ही उद्योग बहुतेक वेळा फुकट जातात. माझं मत सरळ आहे: अशा तक्रारीत एसी बहुधा गुन्हेगार नसतो, चुगलखोर असतो. इंजिनची, करंटची किंवा पंख्याची जी कमजोरी एरवी झाकलेली असते, ती तो बाहेर काढतो.

हे कसं होतं ते थोडक्यात सांगतो. उभ्या गाडीचं पेट्रोल इंजिन साधारण 700 ते 900 आरपीएमला फिरत असतं. त्या वेगाला त्याच्यात ताकद अशी फारशी नसते. एसी लावला की कॉम्प्रेसरचा क्लच टक् करून चिकटतो आणि इंजिनवर एकदम दोन-चार हॉर्सपॉवरचा बोजा पडतो. त्याच वेळी ब्लोअर आणि पुढचे पंखे करंट ओढतात, म्हणून अल्टरनेटरही जड होतो. हा बोजा येणार हे ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, आधी कळतं, कारण बटणाचा सिग्नल त्याच्याकडे जातो. तो थोडी जास्त हवा आणि पेट्रोल सोडून आयडल, म्हणजे उभ्या गाडीतली रेस, वाढवतो आणि मग क्लच लावतो. काटा क्षणभर जरासा दबला आणि लगेच आधीच्या जागेवर किंवा थोडा वर येऊन थांबला, तर गाडी ठीक आहे. तेवढ्यासाठी गॅरेजला येऊ नका.

आधी काट्याकडे बघा

इंजिन पूर्ण गरम करा. पुण्याच्या हायवेने बाळ्यापर्यंत जाऊन आलात तरी पुरे. मग मोकळ्या जागेत गाडी लावा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धूर जिवावर बेततो. बॉनेट उघडण्याआधी खांद्यावरचा टॉवेल काढून ठेवा. सोलापुरात हे मुद्दाम सांगावं लागतं. फिरता बेल्ट टॉवेल ओढतो, आणि टॉवेलबरोबर माणूसही. पुढचा पंखाही न सांगता सुरू होतो, त्याच्याजवळ बोटं नेऊ नका.

आता एसी लावा आणि काटा बघा. काटा जागेवर आहे पण स्टिअरिंग, सीट, आरसा थरथरतोय? मग रेसचा प्रश्नच नाही. इंजिन माऊंटिंगचं रबर बसलं असणार. आयडलचा बोजा वाढला की इंजिनचा हादरा वाढतो आणि मेलेलं रबर तो थेट बॉडीला देतं. माऊंटिंगला भेगा दिसतात, काही गाड्यांच्या माऊंटिंगमध्ये तेल भरलेलं असतं ते गळून काळा डाग पडलेला असतो. तीन सिलिंडरच्या गाड्या एसीवर थोड्या हलतातच, तेवढं सोसावं लागतं. पण मागच्या वर्षी हलत नव्हती आणि यंदा हलते, तर माऊंटिंग बघा. या कारणासाठी थ्रॉटल धुऊन, प्लग बदलून, गॅस भरून थकलेली माणसं माझ्याकडे येतात आणि काम निघतं एका रबराचं.

काटा खरोखर खाली येत असेल, तर पुढे वाचा. डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा नसेल तर ओबीडीला, म्हणजे स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटला, लावायचं ब्लूटूथचं छोटं यंत्र मिळतं, ते मोबाइलवर आरपीएमचा आकडा दाखवतं. तेच पुढे कोड वाचायलाही कामी येतं.

एसी न लावता बोजा टाका

ही चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण हिला पाना लागत नाही. एसी बंद ठेवा. हेडलाइट लावा, ब्लोअर पूर्ण वेगाने सोडा, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची गाडी असेल तर स्टिअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत नेऊन दोन सेकंद धरा आणि सोडा, जास्त वेळ नको. एवढ्यानेही काटा पडतो आणि इंजिन गुदमरतं? मग एसीवाल्याकडे जाऊ नका. दोष इंजिनच्या हवेत, पेटण्यात किंवा करंटमध्ये आहे.

हे सगळं टाकूनही इंजिन शांत असेल आणि एसीलाच मान टाकत असेल, तर दुसरी चाचणी. इंजिन बंद करून कॉम्प्रेसरच्या क्लचकडे जाणारा वायरचा कनेक्टर काढा. पुन्हा चालू करा, एसीचं बटण दाबा. आता कॉम्प्रेसर फिरणार नाही, पण बटणाचा निरोप ईसीएमला जाईल. काटा शंभरेक आरपीएमने वर गेला तर समजा की ईसीएम आपलं काम करतोय आणि कॉम्प्रेसरचाच बोजा जास्त होतोय. काटा हललाच नाही तर एक तर निरोप पोचत नाही, नाहीतर हवा सोडणारा भाग अडकलाय. काही नव्या गाड्यांत क्लच नसलेला, आपोआप कमी-जास्त होणारा कॉम्प्रेसर असतो. तिथे टक् आवाजही नसतो आणि ही चाचणीही चालत नाही. ती गाडी स्कॅनरवरच बघावी लागते.

थ्रॉटल बॉडी: सोलापुरातलं पहिलं कारण

आमच्याकडे सगळ्यात जास्त निघतो तो थ्रॉटलवरचा काळा थर. इंजिनच्या क्रँककेसमधला तेलकट धूर पाइपातून पुन्हा आत घेतला जातो. त्याच्यात एअर फिल्टरला चकवा देऊन गेलेली धूळ मिसळली की झडपेच्या कडेला चिकट काजळी बसते. आयडलला झडप जवळजवळ बंदच असते, हवा जाते ती कडेच्या केसभर फटीतून. ती फट बुजली की साध्या आयडलला ईसीएम कसंबसं भागवतो, पण एसीचा बोजा आला की जास्तीची हवा आणायला जागा उरत नाही.

साफ कसं करायचं: इंजिन थंड, चावी बाहेर. एअर फिल्टरकडून येणारी रबरी नळी सोडवा. थ्रॉटल बॉडी क्लीनर सुती फडक्यावर मारून झडपेची कड आणि मागची बाजू पुसा. थेट आत फवारा मारत बसू नका. तो सेन्सरमध्ये आणि स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये जातो. वायरवर चालणाऱ्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत चावी लावलेली असताना झडपेत बोट घालू नका. मोटर झडप मिटवते आणि बोट चेंगरतं. चावी काढूनही ती जोराने ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटतात. जुन्या केबलच्या गाडीत बाजूला आयडलची हवा सोडणारा वेगळा आयएसी व्हॉल्व्ह असतो, त्याला आमच्याकडे स्टेपर मोटर म्हणतात. तो काढून टोक आणि त्याचं भोक पुसा, पण टोक हाताने आत-बाहेर ओढू नका.

साफ केल्यावर काही वेळ आयडल उलट जास्त राहतो. घाबरू नका. मळक्या थ्रॉटलला कितपत उघडायचं हे ईसीएमने शिकून ठेवलेलं असतं, त्याला नवं शिकायला वेळ लागतो. एसी, लाइट सगळं बंद ठेवून इंजिन गरम होऊन पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत आयडलला ठेवा. मग एसी लावून आणखी काही मिनिटं. बऱ्याच गाड्या एवढ्यावर सुधारतात. काहींना स्कॅनरनेच शिकवावं लागतं.

आणि तो स्क्रू. थ्रॉटलला टेकणारा छोटा स्क्रू कंपनीत बसवून त्यावर रंगाचा ठिपका किंवा सील मारलेलं असतं. तो आयडल वाढवायला नाहीच, झडप घासून अडकू नये म्हणून आहे. तो पिळला की झडप थोडी उघडी राहते, सेन्सर सांगतो 'पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आहे', आणि ईसीएम आयडल सांभाळणंच सोडतो. एका गिऱ्हाइकाची जुनी हॅचबॅक अशी आली की एसी बंद असताना 1400, लावला की 900. मालक खूश, "आता बंद पडत नाही ना." पेट्रोल किती पितेय हे विचारल्यावर चेहरा उतरला. कोणी पाना घेऊन त्या स्क्रूकडे वळला की हात धरा.

चोरटी हवा

आमच्या उन्हात रबर लवकर कडक होतं, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांना टोकाशी भेगा पडतात. इंजिन चालू ठेवून कान द्या, सूं असा आवाज येतो. ब्रेक बूस्टरची जाड नळी, पीसीव्हीची (क्रँककेसचा धूर परत आत नेणारी) नळी आणि इनटेकचं गॅस्केट या तीन जागा आधी बघा. ब्रेक दाबल्यावर पायाशी सूं होत राहतं आणि रेस बदलते, तर बूस्टर तपासायला द्या.

काहीजण गरम इंजिनवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारून गळती शोधतात. आग लागते. साध्या स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा जोडांवर मारा, प्लगच्या कॉइल आणि कनेक्टर सोडून. जिथे मारल्यावर आवाज बदलला तिथे फट. एक फरक लक्षात ठेवा: ज्या गाडीत हवा मोजणारा मीटर असतो तिथे अशी फट असली की मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळतं. मारुतीच्या जुन्या अल्टो, झेन, वॅगन आरसारख्या मॅप सेन्सरच्या, म्हणजे हवेऐवजी इनटेकमधला दाब मोजणाऱ्या, गाड्यांत मात्र फट असेल तर आयडल बऱ्याचदा चढाच राहतो. म्हणून एसीविना रेस चढी आणि एसी लावताच डळमळ, असं चित्र दिसलं की मी नळ्यांपासून सुरुवात करतो.

सिग्नलला गरम, हायवेला गार

चालत्या गाडीत एसी गार आणि रेस बरोबर, पण आसरा चौकात दोन मिनिटं थांबलं की हवा कोमट आणि इंजिन जड. हे ऐकलं की मी पहिल्यांदा पुढचा पंखा बघतो. एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरला उभ्या गाडीत वारा देणारा तोच एक. तो मेला, हळू फिरला किंवा कंडेन्सर बुजला, तर गॅसची उष्णता बाहेर पडत नाही, हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेल्या गॅसच्या बाजूचं, प्रेशर चढत जातं आणि कॉम्प्रेसर फिरवायला इंजिनला जास्त जोर लागतो. बाहेर 43 डिग्री असताना तर फारच.

एसी लावल्यावर काही सेकंदांत पंखा लागायला हवा. वर्तमानपत्राचा कागद पुढच्या जाळीला लावा. चांगला पंखा तो ओढून धरतो. पंखा फिरतोय पण कागद घसरतोय, तर मोटरचे ब्रश झिजलेत. फिरतच नसेल तर आधी फ्यूज आणि रिले. सारख्याच नंबरचा दुसरा रिले शेजारी असतो, अदलाबदल करून बघा.

कंडेन्सर मात्र नजरेने कळत नाही. रब्बीची ज्वारी निघाली की रस्त्यावर कडब्याच्या गाड्या असतात. त्यांच्या मागे मंगळवेढ्याहून येऊन बघा, जाळीत किती भुसा अडकतो. तो कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत साचतो, समोरून दिसतच नाही. इंजिन गार झाल्यावर साध्या नळीने, जमेल तिथे आतून बाहेर, पाणी सोडा. वॉशिंग सेंटरचं प्रेशर अगदी जवळून मारलं की पातळ पत्रे आडवे होतात आणि होता तेवढा वाराही बंद होतो.

गॅसबद्दल

एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. दर उन्हाळ्यात भरावा लागतो, म्हणजे गळती आहे. आणि कमी गॅसपेक्षा जास्त गॅस इंजिनला जाचतो. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं. भरणाऱ्याने जुना काढून, व्हॅक्यूम करून, वजनाने भरायला हवा. "हाताला पाइप गार लागेपर्यंत" भरणाऱ्याकडून उठून या.

गेज लावलेलं असेल तर बघायला शिका. आर-134ए गॅस, इंजिन बंद, सगळं 40 डिग्रीला निवांत, तेव्हा दोन्ही गेज 130 पीएसआयच्या आसपास दाखवतात. पण यावरून गॅस किती आहे ते कळत नाही, आहे एवढंच कळतं. आपल्या उन्हाळ्यात चालू एसीवर हाय साइड 250 ते 300 च्या घरात दिसणं नवल नाही. पंखा ठीक, कंडेन्सर साफ, तरी त्याच्या बरंच वर जात असेल तर गॅस जास्त आहे किंवा आत हवा शिरलीय. उलट क्लच दर काही सेकंदांनी टक्-टक् लागतो-सुटतो आणि काटा खालीवर डुलतो, तेव्हा गॅस कमी असण्याचा संशय घ्या. घरी मात्र व्हॉल्व्ह दाबून गॅस सोडून बघू नका. डोळ्यात किंवा हातावर उडाला तर कातडी गोठून जखम होते.

कॉम्प्रेसर स्वतःच जड झालाय का, हे इंजिन बंद ठेवून कळतं. पुलीच्या पुढची क्लचची तबकडी हाताने फिरवा. थोडा विरोध करत सरळ फिरली तर बरी. खरखरली किंवा हललीच नाही तर खर्च मोठा आहे, मनाची तयारी करा. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर ती बहुतेक पुलीची बेअरिंग, ती वेगळी मिळते. त्यासाठी अख्खा कॉम्प्रेसर विकणारे आहेत, सावध राहा.

करंट आणि ठिणगी

मल्टीमीटर बॅटरीला लावा. इंजिन चालू, एसी, ब्लोअर, लाइट सगळं लावून साडेतेराच्या आसपास व्होल्ट हवेत. तेराच्या खाली घसरत असेल तर टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवा, बेल्टचा ताण बघा, मग अल्टरनेटर. बटण दाबताच चीं करून ओरडणारा बेल्ट तर स्वतःच पत्ता सांगतो.

झिजलेला प्लग किंवा मरायला टेकलेली कॉइल बोज्याखालीच मिसिंग करते. एका लयीत थरथर न होता मधूनमधून ठोका चुकल्यासारखा झटका येतो, ही त्याची खूण. ओबीडीवर पी 0300 च्या पुढचे कोड आले तर मिसफायर, पी 0506 आला तर आयडल ठरल्यापेक्षा कमी आणि पी 0507 आला तर जास्त. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. 0506 दिसला म्हणून थ्रॉटल बॉडी नवी घेऊ नका, आधी फडकं.

सीएनजीची गाडी असेल तर पेट्रोलवर टाकून बघा. पेट्रोलवर शांत आणि गॅसवरच मरत असेल, तर किटचं ट्यूनिंग, गॅसचा फिल्टर आणि प्लग बघायचे. प्लगचा गॅप गॅसवर जास्त जाणवतो.

बाहेरून बसवलेला एसी

जुन्या ओम्नी, 800, बिगर-एसी अल्टोला नंतर एसी बसवलेल्या गाड्या अजून फिरतात. बसवणाऱ्याने बटणाची वायर थेट क्लचला दिलेली असते, ईसीएमला निरोपच नाही. तिथे रेस पडणारच. ज्या मॉडेलमध्ये ईसीएमला एसीची पिन आहे तिथे ती रिलेतून जोडून घ्यावी. कार्बोरेटरच्या गाडीत व्हॅक्यूमवर चालणारा छोटा डायफ्राम थ्रॉटल ओढतो, आमच्याकडे त्याला आयडल-अप म्हणतात. त्याची नळी निघालेली असते किंवा रबर फाटलेलं. त्याच्या दांडीचा स्क्रू मात्र फिरवायचाच असतो, एसी चालू असताना हजाराच्या आतबाहेर रेस ठेवा. जुन्या पंपाच्या डिझेललाही असाच डायफ्राम सापडतो. कॉमनरेल डिझेल एसीवर अडखळत असेल तर ईजीआरची (जळालेला धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) काजळी, डिझेल फिल्टर आणि इंजेक्टर बघायचे. ते घरचं काम नाही.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवणार असाल तर सिग्नल जवळ आला की थांबण्याआधी एसी बंद करा, आणि तुळजापूरचा घाट उतरताना तो लावूच नका. इंजिन मेलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. तशा वेळी ब्रेक पंप करत बसू नका. एकदाच जोरात दाबून धरा, गाडी कडेला घ्या आणि मग चावी फिरवा.